दिलेल्या मुलीचं रक्त

लिव्हर हा शब्द उच्चारला की समोरची बाई ताबडतोब नवऱ्याची बाजू घेते. "आमचे हे घेत नाहीत हां," असं ती मी न विचारताच सांगून टाकते. घेत असतील तर "फक्त लग्नकार्यात" असं सांगते. मी अख्खी नोकरी लिव्हरच्या एका एन्झाइमवर काढली आणि अख्खी नोकरी मला दुसऱ्यांच्या नवऱ्यांच्या चारित्र्याचे दाखले ऐकावे लागले. निवृत्त झाल्यावर सुटेन असं वाटलं होतं. पण शांती नगरमधल्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी अजूनही मला लिफ्टमध्ये गाठतात, मोबाइलवर आपला रिपोर्ट दाखवतात आणि विचारतात, "कांबळे मॅडम, एसजीपीटी थोडा ज्यादा है, आपकी लाइन का है ना?" ती माझी लाइन नाही. पण चौथा मजला येईपर्यंत एवढं समजावून होत नाही.

म्हणून माझी लाइन काय ते इथे एकदा लिहून टाकते. अंक छापून आला की हे पान लिफ्टमध्ये चिकटवणार आहे.

लिव्हर म्हणजे नुसतं दारू जिरवायचं यंत्र नव्हे. ते नाना तऱ्हेची एन्झाइम्स बनवतं. एन्झाइम म्हणजे शरीरातला कामगार, प्रत्येकाला एकेक काम नेमून दिलेलं. माझ्या वाट्याला आलेल्या कामगाराचं नाव सूडोकोलिनेस्टरेज. एकदा लिहिलं, पुन्हा लिहिणार नाही. हा गडी रक्तात नुसता फिरत असतो आणि बहुतेकांना आयुष्यात त्याची गरजही पडत नाही. गरज पडते ती ऑपरेशनच्या टेबलावर. पूर्ण भूल देताना घशात नळी घालायची असते, त्यासाठी स्नायू सैल करणारं एक इंजेक्शन देतात. त्याने श्वासही थांबतो, पण काही मिनिटांपुरताच, कारण आमचा गडी त्या औषधाचा लगेच फडशा पाडतो. क्वचित एखाद्याच्या अंगात हा गडी जन्मतःच निकामी असतो. मग औषध रक्तात तसंच राहतं आणि माणूस तासन्‌तास ओंडक्यासारखा पडून राहतो. डॉक्टरच्या लक्षात आलं आणि मशीनने श्वास देत ठेवला तर काही होत नाही. औषध हळूहळू उतरतं, माणूस उठून चहा मागतो. लक्षात आलं नाही तर तो उठत नाही.

हा गडी कसा घडवायचा ते आपल्या जीनमध्ये लिहिलेलं असतं आणि त्या मजकुराच्या दोन प्रती प्रत्येकाकडे असतात. एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरीवर भागतं. दोन्ही बिघडलेल्या असल्या तर भागत नाही. माझं काम म्हणजे या प्रती वाचणं आणि एकीशी दुसरी ताडून बघणं. एवढंच. यात कुणाच्या नवऱ्याचा काही संबंध नाही.

आमची लॅब घोडबंदरच्या वाटेवर, हायवेला लागून असलेल्या एका इंडस्ट्रियल गाळ्यात होती. मालक शहासाहेब. धंदा रक्त-लघवीच्या तपासण्यांचा, जीनचं काम म्हणजे त्यांची हौस. ती हौस महिन्याच्या शेवटी कमी व्हायची आणि दिवाळीच्या सुमाराला पुन्हा वाढायची. शेजारच्या गाळ्यात स्टीलच्या डब्यांची झाकणं ठोकणारा प्रेस. तो सुरू झाला की माझ्या टेबलावरच्या काचेच्या बाटल्या आपापल्या जागेवरून निघायच्या. मी शेजाऱ्यांशी भांडले, त्यांनी मला एक डबा भेट दिला. दुसऱ्या दिवशी प्रेस तसाच.

इनक्युबेटर नावाचं एक कपाट असतं, त्यात आम्ही काचेच्या बशांमध्ये जंतू वाढवायचो. शरीराएवढी ऊब असते त्यात. एका दुपारी उघडलं तर माझ्या बशांच्या वरच्या कप्प्यात फॉइलमध्ये गुंडाळलेले थेपले. शहासाहेब म्हणाले, "मॅडम, गरम राहते हैं।" मी म्हटलं, "साहेब, खाली आतड्यातले जंतू आहेत." त्यांनी थेपले बाहेर काढले, हुंगले आणि ड्रायव्हरला दिले. अशा वातावरणात मी संशोधन करत होते.

निवृत्तीला थोडे महिने उरले असताना डॉ. सबनीसबाईंचा फोन आला. या भुलीच्या डॉक्टर, शांत डोक्याच्या. त्यांच्याकडे मोरव्याचा जनार्दन नावाचा एक कोळी तरुण अपेंडिक्सच्या ऑपरेशनला आला होता. ऑपरेशन झालं आणि हा उठेना, श्वास घेईना. बाहेर नातेवाइकांनी दरवाजा धरून ठेवलेला, डॉक्टरने मारला अशी बोंब उठलेली. सबनीसबाईंना मात्र नेमकी शंका आली होती. त्यांनी त्याला मशीनवर ठेवला, संध्याकाळपर्यंत उशाशी बसून राहिल्या, आणि जनार्दन उठला. मग त्यांनी त्याचं रक्त माझ्याकडे पाठवलं.

मी त्याचा जीन वाचला. त्यात दोन ठिकाणी अक्षरं बदललेली निघाली. आता प्रश्न असा की हे दोन्ही बदल एकाच प्रतीत आहेत, की एक या प्रतीत आणि एक त्या प्रतीत. एकाच प्रतीत असले तर दुसरी प्रत शाबूत, म्हणजे दुखणं दुसरंच काहीतरी. निरनिराळ्या प्रतींत असले तर दोन्ही गेल्या. पण दोन प्रती एकदम वाचल्या की दोन माणसं एकाच वेळी बोलल्यासारखं ऐकू येतं. कोण काय बोललं ते कळत नाही.

त्यासाठी क्लोनिंग. क्लोनिंग म्हटलं की लोकांना एका माणसाचे दोन झालेले दिसतात. तसलं काही नाही. जीनचा तुकडा एका वाहक डीएनएत जोडायचा आणि जंतूंच्या गर्दीत सोडायचा. एका जंतूत साधारण एकच प्रत शिरते. मग तो जंतू बशीत वाढतो, त्याचा एक ठिपका होतो, आणि त्या ठिपक्यातल्या लाखो जंतूंकडे तीच एक प्रत असते. असे बरेच ठिपके उचलून वाचले की कुणात आईची प्रत सापडते, कुणात बापाची. दोघांना वेगवेगळ्या खोलीत बसवून जबान्या घ्यायच्या, तसं. पहिल्या खेपेला वीज गेली आणि बशा कोऱ्या राहिल्या. दुसऱ्या खेपेला ठिपके आले ते सगळे निळे, म्हणजे आत तुकडा शिरलाच नव्हता. मी प्रेसवाल्याला, महावितरणला आणि स्वतःला पोटभर शिव्या दिल्या. तिसऱ्या खेपेला पांढरे ठिपके उठले. वाचले. एक बदल एका प्रतीत, दुसरा दुसऱ्या प्रतीत. जनार्दनच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या.

याचा अर्थ आईबापांकडे एकेक बिघडलेली प्रत असणार, आणि त्यांच्या प्रत्येक मुलाला दोन्ही बिघडलेल्या मिळण्याची शक्यता चारांत एक. म्हणून मी जनार्दनला फोनवर सांगितलं, "रक्ताच्या नात्यातले सगळे या."

दुसऱ्याच दिवशी दोन रिक्षा भरून माणसं आली. जनार्दन, त्याचे वडील, आई हिराबाई, धाकटा भाऊ, दोन्ही सुना, एक मामा, आणि जनार्दनला हॉस्पिटलात गाडीतून नेणारा शेजारी.

"सुना कशाला आणल्यात?" मी विचारलं.

"घरच्याच हायत ना," हिराबाई म्हणाल्या.

"त्यांचं रक्त नको. आणि हे कोण?"

"तो नसता तर माझा पोर ऱ्हायला नसता."

शेजाऱ्याने आधीच बाही वर केली होती. त्याला समजावून परत पाठवण्यात माझा अर्धा तास गेला आणि तो रुसून गेला तो गेलाच. मग मी वंशावळीचं चित्र काढायला बसले. आमच्यात पुरुषाला चौकोन काढतात, बाईला गोल. हिराबाईंना विचारलं, "जनार्दनला भावंडं किती?"

"दोघं भाऊ. ह्यो थोरला, तो धाकला."

मी दोन चौकोन काढले. मग रक्तं घेतली, वाचली. आईबापांकडे एकेक बिघडलेली प्रत निघाली, धाकट्याच्या दोन्ही चांगल्या निघाल्या. सगळं कसं पुस्तकात लिहिल्यासारखं जुळलं. शहासाहेब म्हणाले, "चलो, फाइल बंद." मी रिपोर्ट दिला आणि खूश झाले. खूश झाले की माझ्या मागे काहीतरी लागतंच.

काही दिवसांनी हिराबाई एकट्याच आल्या. हातात कापडी पिशवी. पिशवीत सुके बोंबील, माझ्यासाठी, मुलाचा जीव वाचवल्याबद्दल. जीव सबनीसबाईंनी वाचवला होता, पण ते ऐकायला त्या तयार नव्हत्या. शहासाहेब जैन. त्या वासाने ते केबिनमधून बाहेर आले, पिशवीकडे बघितलं, आणि थेट गाडीत जाऊन बसले. मी पिशवी घेऊन दाराकडे धावले. हिराबाई मागून म्हणाल्या, "बसत न्हाय मी. घोडबंदरला जायचंय, पोरीचं डोहाळजेवण हाय."

मी दारातच थांबले. "कुणाच्या पोरीचं?"

"माझ्या. हेमलताचं."

"तुम्हाला मुलगी आहे?"

"हाय ना."

"मग मी भावंडं विचारली तेव्हा बोलला का नाहीत?"

हिराबाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मीच अडाणी. "ती दिलेली हाय," त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "ती आता त्यांच्यातली."

बोंबलांची पिशवी मांडीवर घेऊन मी स्टुलावर बसले. डोकं भणभणलं होतं. पण त्यांच्या बाजूने बघितलं तर चूक नव्हतीच. घरात कुणी गेलं तर सुनेला पूर्ण सुतक, लग्न झालेल्या मुलीला जेमतेम. आहेर-मानपान सगळं त्याच हिशोबाने. तोच हिशोब त्यांनी रक्ताला लावला होता. म्हणून दोन सुना रिक्षात बसून आल्या, आणि जिचं रक्त मला खरोखर हवं होतं ती मुलगी माझ्या लॅबपासून एका रिक्षाच्या अंतरावर पोटुशी बसलेली कुणाला आठवली नाही. मला रडावं की कुणाला तरी हाणावं ते कळेना.

आणि ती बाळंत होणार होती. बाळंतपणात अडलं तर सिझेरियन. बहुतेक वेळा पाठीत सुई देऊन भागतं, पण घाई झाली तर पूर्ण भूल, आणि पूर्ण भूल म्हटली की ते इंजेक्शन. सबनीसबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "नुसती एन्झाइमची पातळी बघू नका. गरोदरपणात ती तशीही उतरते. जीनच वाचा." ते मला ठाऊक होतं, पण कुणीतरी घाई करायला सांगितलं की बरं वाटतं.

हिराबाई मात्र अडून बसल्या. "तिच्या सासूला कळता कामा न्हाय. म्हणंल, खोट असलेली पोर आमच्या गळ्यात मारली."

हेमलता शेवटी माहेरी जाते असं सांगून निघाली आणि वाटेत माझ्याकडे उतरली. शिकलेली, हसरी, मीरा रोडच्या एका मॉलमध्ये हिशोबाचं काम करणारी. रक्त देताना म्हणाली, "मॅडम, दादासारखं असेल तर काय होतं?"

"काही होत नाही. एक इंजेक्शन टाळायचं. त्याच्याऐवजी दुसरं मिळतं. फक्त डॉक्टरला माहीत असलं पाहिजे."

दादासारखंच निघालं. दोन्ही बदल, दोन्ही प्रती गेलेल्या. दोन्ही बदल कुठल्या कुठल्या प्रतीत बसतात ते जनार्दनवरून माहीत होतंच, म्हणून या खेपेला क्लोनिंगची वाट बघावी लागली नाही. सबनीसबाईंनी मोठ्या अक्षरांत एक कार्ड करून दिलं, हे औषध देऊ नये. मी हेमलताला म्हटलं, हे पर्समध्ये ठेव, कायम.

"पर्स आई बघतात," ती म्हणाली. आई म्हणजे सासू. "कपाटात ठेवू का?"

"कपाट ऑपरेशन टेबलापर्यंत येणार आहे का तुझ्याबरोबर?"

ती म्हणाली, "तुम्हीच सांगा ना आईंना. तुमचं ऐकतील."

एन्झाइमवर काम करणाऱ्या बाईने सासवांना समजवायला जावं असं माझ्या नेमणूकपत्रात कुठेही नव्हतं. गेले. घोडबंदरला खाडीच्या बाजूला त्यांचं घर. सासू ताराबाई ओट्यावर बसल्या होत्या. मी लिव्हर म्हणायच्या आत हेमलताच लिव्हर म्हणाली, आणि ताराबाईंनी लगेच सांगितलं, "माझा पोर पीत न्हाय."

"तुमच्या मुलाबद्दल नाही बोलत मी."

"मंग हिच्यात खोट हाय?"

"खोट नाही हो. हिला एक इंजेक्शन चालत नाही, एवढंच. तुमच्यात कुणाला कोलंबी चालत नाही असं कुणी आहे का?"

"हाय. माझा दीर. अंगभर गांधी उठतात."

"मग त्यांच्यात खोट आहे का?"

"त्याच्यात हाय," ताराबाई म्हणाल्या, "पण ती कोलंबीमुळं न्हाय."

मी हात टेकले. घसा कोरडा होईपर्यंत तेच तेच सांगितलं. शेवटी ताराबाईंनी कार्ड उलटसुलट करून बघितलं, कमरेच्या बटव्यात ठेवलं आणि म्हणाल्या, "ह्ये माझ्याकडं ऱ्हाईल. पण गावात ह्याचा शब्द जायचा न्हाय, सांगून ठेवते." बटव्यात कार्ड म्हणजे कपाटापेक्षाही वाईट, असं मनात म्हणत मी हायवेपर्यंत चालत आले. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी भ्यायले होते. जंतू ऐकत नाहीत तेव्हा पुन्हा नवी बशी घेता येते. इथे बाई एकच होती.

हेमलताचे दिवस भरले त्याच आठवड्यात मी निवृत्त झाले. पुढचं मला तिच्या नवऱ्याने फोनवर सांगितलं. बाळाचे ठोके अचानक मंदावले, पाठीतली सुई द्यायलाही वेळ नव्हता. भुलीचे डॉक्टर नवीन, तिला कधी न पाहिलेले. स्ट्रेचर ऑपरेशन थिएटरच्या दारात आलं आणि ताराबाई पुढे जाऊन आडव्या उभ्या राहिल्या. नर्स ओरडतायत, वॉर्डबॉय ढकलतोय, पोटात मूल गुदमरतंय, आणि ही बाई हलेना. बटव्यातून कार्ड काढून तिने डॉक्टरच्या तोंडासमोर धरलं. अर्धं घोडबंदर त्या पॅसेजमध्ये जमलेलं. जो शब्द गावात जायचा नव्हता तो तिने सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगितला, "हिला भुलीचं एक इंजेक्शन चालत न्हाय. हिच्या भावाचा श्वास थांबला व्हता. ह्ये वाचा नि मंग आत न्या."

डॉक्टरांनी उभ्याउभ्या वाचलं. मान हलवली. दुसरं औषध काढायला सांगितलं.

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेले आणि गॅससमोर नुसती उभी राहिले. मुलगी झाली होती. दोघी ठीक होत्या.

आता हे क्लोनिंग कुणी करत नाही. नवी यंत्रं दोन्ही प्रती आपणहून वेगळ्या वाचून दाखवतात. पांढऱ्या ठिपक्यांची वाट बघणं, ते सगळं गेलं आणि मला त्याचं वाईट वाटतं. माझ्या जागी आलेल्या मुलीला मी इतकंच सांगून आले, की भावंडं किती असं विचारू नकोस. आईला विचार, बाई, तुमची बाळंतपणं किती झाली. उत्तराला तासभर लागतो. प्रत्येक बाळंतपणाची कथा ऐकावी लागते, कोण सुईण होती, कोण पायाळू जन्मलं. पण एकही मूल सुटत नाही.

हेमलता बाळाला घेऊन घरी गेल्यावर ताराबाईंनी मला फोन केला. नातीचं काय, असं विचारत होत्या. मी सांगितलं, आईकडून तिला एक बिघडलेली प्रत मिळणारच होती. दुसरी तुमच्या मुलाकडून आलीय, ती चांगलीच असेल, पण खात्री करायची तर मुलाला पाठवा. "फक्त मुलगा," मी म्हटलं. "बाकी कुणी नको." दोनदा म्हटलं.

शहासाहेबांची परवानगी काढून मी त्या सकाळी जुन्या लॅबमध्ये जाऊन थांबले. शेजारी प्रेस ठोकत होता. ताराबाई आल्या. मागे मुलगा. आणि मुलाच्या आधी, त्यांनी हाताला धरून पुढे आणलेली, कडेवर मूल घेतलेली एक बाई.

"ही कोण?"

"माझी पोर. वसईला दिलेली. कालच बोलावून घेतली." ताराबाईंनी तिला माझ्यासमोरच्या स्टुलावर बसवलं. "पयलं हिचं घ्या. ही पण माझ्याच पोटातली हाय."

बाळाच्या आत्याच्या रक्ताची मला काडीचीही गरज नव्हती. ते बिघाड मोरव्याचे, वसईच्या या मुलीशी त्यांचा काही संबंध नव्हता. इतक्या वर्षांत मी न सांगता कुणी दिलेली मुलगी घेऊन आलं ते पहिल्यांदाच, आणि आणली ती नेमकी नको असलेली. हे सगळं सांगायला मी तोंड उघडलं. ती बाई कडेवरचं मूल भावाकडे देत होती. पोलक्याची बाही तिने आपणहून वर केली आणि हात टेबलावर ठेवला.

मी तोंड मिटलं आणि सुई काढली.